बारावी रसायनशास्त्र: वेगाची आणि समतोलाची गणितं नेमकी कुठे घसरतात?

नारायणपेठी (धागाकर्ता)

मंडळी, प्रिलिम जवळ आल्या की मुलांच्या वह्यांत एकच प्रकार दिसतो. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, उत्तर मात्र भलतंच. केमिकल कायनेटिक्स आणि इक्विलिब्रियम या दोन धड्यांत तर फारच. तीन नमुने देतो, सोबत मुलांनी काढलेली उत्तरंही.

(अ) १ लिटरच्या बंद भांड्यात १ मोल हायड्रोजन, २ मोल आयोडीन. तापमान ६९८ केल्व्हिन, केसी (कॉन्सन्ट्रेशनवरून काढलेला समतोल स्थिरांक) = ५४.३. हायड्रोजन आयोडाइड किती? उत्तरं आली: १.८८, १.८ आणि ४.६ मोल.

(आ) एन२ + ३एच२ ⇌ २एनएच३. ५०० केल्व्हिनला केसी = ०.०६१, तर केपी (आंशिक दाबांवरून काढलेला समतोल स्थिरांक) किती? उत्तरं: ३.५ × १०^-५, ३.६ × १०^-५, ३.५ × १०^-९.

(इ) २९८ वरून ३०८ केल्व्हिनला गेल्यावर वेगस्थिरांक दुप्पट झाला. ॲक्टिव्हेशन एनर्जी (ईए, अभिक्रियेला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा) काढा. उत्तरं: ५२.९ किलोजूल, ५२.९ जूल आणि एकाचं चक्क ५०४ जूल.

कुठलं उत्तर का चुकलं, हे नीट उलगडून हवंय. नुसतं 'सराव करा' नको. बोर्डात लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही, तेव्हा त्याच हिशोबाने लिहा. घात दाखवायला ^ वापरतो आहे.

---

अर्धायुष्य

(अ) घेतो. आधी तक्ता, तो गाळला की पुढचं सगळं अंदाजपंचे.

सुरुवात: एच२ १, आय२ २, एचआय ०
बदल: −क्ष, −क्ष, +२क्ष
समतोल: १−क्ष, २−क्ष, २क्ष

केसी = (२क्ष)^२ / (१−क्ष)(२−क्ष) = ५४.३
४क्ष^२ = ५४.३ (२ − ३क्ष + क्ष^२)
५०.३क्ष^२ − १६२.९क्ष + १०८.६ = ०

वर्गमुळाखाली १६२.९^२ − ४ × ५०.३ × १०८.६ = २६५३६ − २१८५० = ४६८६, वर्गमूळ ६८.४५. म्हणून क्ष = ०.९३९ किंवा २.३०.

२.३० हे मूळ बाद, कारण हायड्रोजन मुळात १ मोलच आहे. ४.६ लिहिणाऱ्याने हेच मूळ उचललं. बीजगणिताला दोन्ही मुळं सारखीच, भांड्यात हायड्रोजन उणे होऊ शकत नाही हे आपण पाहायचं. बरोबर उत्तर एचआय = १.८८ मोल.

१.८ वाला जास्त शिकण्यासारखा आहे. त्याने क्ष = ०.९ घेतलं. पडताळा बघा: १.८^२ / (०.१ × १.१) = २९.५. केसी जवळपास निम्मा झाला! क्ष मध्ये चार टक्क्यांची चूक, पण १−क्ष मध्ये ०.०६ चं ०.१ झालं. दोन जवळच्या संख्यांची वजाबाकी जिथे असते तिथे आधी गोलाई करायची नाही. क्ष ०.९४ घेतलं तरी केसी ५५.६ येतो, ०.९३९ घेतलं की ५४.५.

आणखी एक. वर्गमुळाखालची वजाबाकी लॉग टेबलने करू नका. चार अंकी टेबलात २६५३६ चं २६५३० होतं आणि फरकात ते सगळं उतरतं. गुणाकार हातानं करा, वर्गमुळापुरतं टेबल उघडा: लॉग ४६८६ = ३.६७०८, अर्धा १.८३५४, अँटिलॉग ६८.४५.

---

मोल_भाव

+१, पण द्विघाती समीकरणात शिरायची गरजच नव्हती. केसी मोठा असला की अभिक्रिया आधी पूर्ण पुढे ढकलायची आणि मग थोडी मागे आणायची. एच२ संपला असं धरा: एच२ ०, आय२ १, एचआय २. आता य इतकं मागे:

एच२ = य, आय२ = १+य, एचआय = २−२य
य = (२−२य)^२ / [५४.३ (१+य)]

उजवीकडे य = ० टाकलं की ०.०७३७. ते परत टाकलं की ०.०५८९, मग ०.०६१६, ०.०६११, ०.०६१२. थांबला. एचआय = २ − ०.१२२४ = १.८८. चुकीचं मूळ निवडायचा प्रश्नच येत नाही, आणि जी संख्या लहान आहे तीच थेट हातात येते, त्यामुळे वर सांगितलेला वजाबाकीचा घोळही टळतो.

बोर्डाच्या पेपरात मात्र द्विघातीच लिहा. तपासणाऱ्याला पायऱ्या ओळखीच्या लागतात, गुण त्यांनाच असतात.

---

ब्युरेटताई

(आ) चं मी सांगते. केपी = केसी × (आरटी)^डेल्टा एन. आर म्हणजे वायू स्थिरांक, टी म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान. डेल्टा एन फक्त वायूंच्या मोलचा: २ − ४ = −२. म्हणजे केसीला (आरटी)^२ ने भागायचं.

आर = ०.०८३१४ (लिटर बार) घेतला: आरटी = ४१.५७, वर्ग १७२८, केपी = ३.५ × १०^-५.
आर = ०.०८२१ (लिटर ॲटमॉस्फिअर) घेतला: आरटी = ४१.०५, वर्ग १६८५, केपी = ३.६ × १०^-५.

दोन्ही बरोबर. पहिला बार^-२ मध्ये, दुसरा ॲटमॉस्फिअर^-२ मध्ये. एकक लिहिलं असतं तर नारायणपेठींना ही दोन उत्तरं वेगळी वाटलीच नसती.

तिसऱ्याने आर = ८.३१४ टाकला. तो जूलचा आर. त्याने आरटी १०० पट, वर्ग १०,००० पट, उत्तर चार घात खाली. डेल्टा एन शून्य असता तर ही चूक लपून गेली असती. म्हणूनच एचआयच्या गणितावर सराव केलेल्या मुलांना आर कुठला घ्यायचा हे कधी कळतच नाही.

---

बारावी_ब

पण एका क्लासच्या नोट्समध्ये केपीला एककच नाही असं लिहिलंय. मग एकक लिहायचं की नाही?

---

पाषाणरोड

दोन्ही पद्धती आहेत. काटेकोर ऊष्मागतिकीत प्रत्येक दाबाला १ बारने आणि प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला १ मोल/लिटरने भागतात, त्यामुळे समतोल स्थिरांक विनाएकक होतो. लॉग के किंवा डेल्टा जी (मुक्त ऊर्जेतला बदल) = −आरटी एलएन के लिहायचं तर तसंच हवं, एककाचा लॉग घेता येत नाही. शालेय पातळीवर (मोल/लिटर)^डेल्टा एन असं एकक लिहिण्याची रीत आहे. प्रश्नात 'एकक लिहा' म्हटलं तर लिहा. गणितात एकक लिहिलं म्हणून कुणी गुण कापत नाही, आणि तुमचा आर कुठला आहे हे स्वतःला कळतं.

केपी डेल्टा जी च्या सूत्रात टाकताना दाब बारमध्येच हवा, एवढं मात्र पाळा.

---

अर्धायुष्य

(इ) राहिलं. आरेनियसचं सूत्र:

लॉग (के२/के१) = ईए / (२.३०३ आर) × (टी२ − टी१) / (टी१ × टी२)

ईए = २.३०३ × ८.३१४ × ०.३०१० × (२९८ × ३०८) / १०

२.३०३ × ८.३१४ = १९.१५ हा आकडा पाठच करा, या धड्यात सारखा लागतो. १९.१५ × ०.३०१० = ५.७६४. २९८ × ३०८ = ९१,७८४. उत्तर ५२,९०० जूल प्रति मोल, म्हणजे ५२.९ किलोजूल.

५०४ वाल्याने २५ आणि ३५ सेल्सिअस तसेच टाकले: ५.७६ × ८७५/१०. वजाबाकीत सेल्सिअस-केल्व्हिनने फरक पडत नाही, वरचे १० दोन्हीकडे सारखेच. खालच्या गुणाकारात पडतो, आणि १०० पटीने पडतो. 'फरक तर तेवढाच आहे ना' हा युक्तिवाद निम्म्या सूत्रापुरताच खरा आहे. ५२.९ जूल वाल्याने फक्त एकक चुकवलं. पण ५३ जूलचा अडथळा ओलांडायला खोलीच्या तापमानाला प्रत्येक रेणू तयारच असतो (आरटी स्वतःच सुमारे २,५०० जूल आहे). उत्तर काहीशे जूल आलं की उलट जाऊन बघायचं.

आणि 'दर १० अंशांना वेग दुप्पट' हा नियम समजू नका. तो ५० किलोजूलच्या आसपासचा योगायोग आहे. ईए १०० किलोजूल असेल तर याच दोन तापमानांत लॉग गुणोत्तर ०.५६९ येतं, म्हणजे ३.७ पट.

---

मोल_भाव

लॉग टेबलचा विषय निघालाच आहे तर 'बार'चं बोलून टाकू. (दाबाचा बार नव्हे, आकड्यावरचा.)

के = २.५ × १०^-४ चा लॉग टेबलातून: ०.३९७९, कॅरॅक्टरिस्टिक (दशांशचिन्हाआधीचा आकडा) बार ४. म्हणजे −४ + ०.३९७९ = −३.६०२१. मुलं सरळ −४.३९७९ लिहितात. त्याचा अँटिलॉग ४.० × १०^-५, सहापटीहून जास्त चूक. दशांशाचा भाग (मँटिसा) टेबलात नेहमी धनच असतो, उणेपणा फक्त पुढच्या आकड्याला.

बेरीज-वजाबाकीत बार ठेवायला हरकत नाही. पण भागाकार आला, उदाहरणार्थ वर्गमुळासाठी २ ने भागायचं, तेव्हा बार ३.६ ला सरळ २ ने भागू नका. बार ४ + १.६ असं करून मग भागा: बार २.८. आरेनियसमध्ये १९.१५ ने गुणायचं-भागायचं असतं, तिथे बार काढून साधी उणे संख्याच करून घ्या.

(अवांतर: पुण्यात अप्पा बळवंत चौकात लॉग टेबलं मिळतात. पुसट छपाईत ३ आणि ८ सारखे दिसणारं घेऊ नका, तेवढं उघडून बघा.)

---

कट्ट्यावरचा

सगळं मान्य, पण सीईटीला हे एवढं करायला वेळ कुठे आहे? फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं.

---

अर्धायुष्य

म्हणून सीईटीत पर्याय बघून गणित करायचं. पहिल्या ऑर्डरला (वेग कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात) ७५ टक्के संपणं म्हणजे दोन अर्धायुष्यं (अर्धायुष्य म्हणजे निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ), ८७.५ टक्के म्हणजे तीन, ९९.९ टक्के म्हणजे जवळजवळ दहा. लॉग काढायचाच नाही. ९० टक्क्यांना २.३०३/के, म्हणजे अर्धायुष्याच्या ३.३२ पट. शून्य ऑर्डरला अर्धायुष्य सुरुवातीच्या कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात, आणि पूर्ण संपायला बरोबर दोन अर्धायुष्यं. हे शेवटचं पहिल्या ऑर्डरला लावणारे दरवर्षी निघतात.

एक सापळा: २एन२ओ५ → ४एनओ२ + ओ२. अभिक्रियेचा वेग = −(१/२) × एन२ओ५ कमी होण्याचा दर. के अभिक्रियेच्या वेगासाठी दिला असेल तर अर्धायुष्य ०.६९३/(२के). के 'एन२ओ५ च्या विघटनाच्या दरासाठी' दिला असेल तर ०.६९३/के. प्रश्नाची भाषा वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. शालेय पुस्तकांतल्या बहुतेक गणितांत दुसरं गृहीत धरलेलं असतं, पण जेईईला पहिलंही येतं.

---

मोल_भाव

सौम्य आम्लांच्या गणितात 'क्ष लहान आहे, सोडून द्या' हेही डोळे मिटून करतात. ॲसिटिक ॲसिड, केए (आम्लाचा आयनीभवन स्थिरांक) = १.८ × १०^-५.

०.१ मोलर: क्ष = वर्गमूळ (१.८ × १०^-६) = १.३४ × १०^-३. मूळच्या १.३ टक्के. चालेल.

०.००१ मोलर: क्ष = १.३४ × १०^-४, म्हणजे १३ टक्के. इथे नाही चालत. ५ टक्क्यांची मर्यादा धरायची असेल तर कॉन्सन्ट्रेशन भागिले केए ४०० पेक्षा जास्त हवं. इथे ते ५६ आहे.

पण लगेच द्विघातीकडे पळू नका. मिळालेला क्ष एकदा परत टाका:
वर्गमूळ [१.८ × १०^-५ × (०.००१ − ०.०००१३४)] = १.२४८ × १०^-४
पुन्हा एकदा: १.२५५ × १०^-४. द्विघातीचं उत्तरही १.२५५ × १०^-४. पीएच ३.९०. अंदाजाने ३.८७ आला असता. बोर्डाला ०.०३ चा फरक खपतो, पण आयनीभवनाची टक्केवारी विचारली तर १३.४ आणि १२.५ हा फरक खपत नाही.

---

नारायणपेठी

वा, हे हवं होतं. आता प्रॅक्टिकलची बाजू कुणी सांगेल का? सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या प्रयोगात आलेख सरळ रेषेत येत नाही अशी तक्रार सगळीकडे आहे.

---

ब्युरेटताई

येतो, फक्त तापमान धरून ठेवायला हवं. आधी तयारी सांगते.

०.१ मोलर थायोसल्फेट, २५० मिली: पाच पाण्याचे रेणू असलेले स्फटिक ६.२ ग्रॅम (मोलर वस्तुमान २४८). पाणी उकळून गार केलेलं डिस्टिल्ड, चिमूटभर सोडियम कार्बोनेट टाकून. साध्या पाण्यात केलेलं द्रावण काही दिवसांत आपोआप गढूळ होतं, मग तुम्ही मोजता तो वेग कशाचा हे देव जाणे.

१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड, २५० मिली: बाटलीतलं ३५ टक्क्यांचं तीव्र ॲसिड सुमारे २२ मिली. पाण्यात ॲसिड, उलटं नाही.

थायोसल्फेट ५०, ४०, ३०, २०, १० मिली. प्रत्येकात पाणी घालून ५० मिली करायचं, मग १० मिली ॲसिड आणि लगेच स्टॉपवॉच. फ्लास्कखाली कागदावर पेनने फुली, तयार होणाऱ्या गंधकाने द्रावण गढूळ होऊन ती दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ. १/वेळ विरुद्ध थायोसल्फेटचं आकारमान असा आलेख.

काय बिघडतं:

पाणी घालून एकूण आकारमान सारखं केलं नाही तर द्रावणाची उंची बदलते. कमी उंचीतून फुली जास्त वेळ दिसते, मग वेळ गंधकामुळे वाढला की उंचीमुळे हे वेगळं काढता येत नाही. याच कारणाने सगळी रीडिंग एकाच मापाच्या फ्लास्कमध्ये घ्या. एक १०० मिलीचा आणि दुसरा २५० चा, असं नको.

आधीच्या रीडिंगचा गंधक काचेला चिकटून राहतो. फ्लास्क लगेच ब्रशने घासला नाही तर पुढची फुली लवकर जाते.

सर्वांत मोठं कारण तापमान. ॲक्टिव्हेशन एनर्जी ५० किलोजूलच्या आसपास धरली तर ३० वरून ३२ सेल्सिअसला वेग १४ टक्के वाढतो. नळाचं पाणी, डिस्टिल्ड पाणी आणि कपाटातलं ॲसिड तीन वेगळ्या तापमानांना असतं. सगळं एका टबात अर्धा तास ठेवा, प्रत्येक रीडिंगला थर्मामीटर बघून आकडा लिहा. पुण्यात डिसेंबरची सकाळ २२ अंश आणि एप्रिलची दुपार ३६ अंश धरली तर याच हिशोबाने वेग अडीच पट. मागच्या बॅचच्या जर्नलमधली १०० सेकंदं एप्रिलमध्ये ४० होणार. रीडिंग उतरवणारे इथेच पकडले जातात.

---

बारावी_ब

ताई, ॲसिड दुप्पट केलं तरी वेळ फारसा बदलत नाही. मग ॲसिडची ऑर्डर शून्य लिहायची का?

---

ब्युरेटताई

'या कॉन्सन्ट्रेशनच्या टप्प्यात जवळपास शून्य' असं लिही. ॲसिड भरपूर जास्त आहे म्हणून ते तसं दिसतं. थायोसल्फेटसाठी लॉग (१/वेळ) विरुद्ध लॉग आकारमान काढ, चढ १ च्या जवळ यायला हवा. १/वेळ हा सरासरी वेग आहे, पण दर वेळी फुली लपवायला साधारण तेवढाच गंधक लागतो म्हणून तुलना चालते.

आणि खिडक्या उघड्या ठेवा. सल्फर डायऑक्साइड निघतो, दमा असलेल्यांना त्रास होतो. संपलेलं मिश्रण बेसिनमध्ये साठवू नका. धुण्याच्या सोड्याचं द्रावण भरलेली बादली बाजूला ठेवून लगेच त्यात ओता. तापमानाच्या भागात ५० अंशांच्या वर जाऊ नका, वाफ आणि वायू दोन्ही वाढतात आणि वेळ इतका कमी होतो की स्टॉपवॉच दाबण्याची चूकच मोठी ठरते.

---

पाषाणरोड

समतोलाच्या प्रयोगाबद्दल एक तक्रार नोंदवतो. फेरिक क्लोराइड आणि पोटॅशियम थायोसायनेटचं लाल द्रावण, त्यात पोटॅशियम क्लोराइड टाकलं की रंग फिका होतो. स्पष्टीकरण काय लिहितात? 'पोटॅशियम क्लोराइड हे उत्पादित आहे, म्हणून समतोल मागे सरकला.' हे बरोबर नाही. आयनांचं समीकरण लिहा: फेरिक आयन + थायोसायनेट आयन ⇌ लाल संमिश्र आयन. पोटॅशियम आणि क्लोराइड त्यात कुठेच नाहीत, म्हणजे क्यू च्या (केसीसारखंच, पण त्या क्षणीच्या कॉन्सन्ट्रेशनचं गुणोत्तर) सूत्रातही नाहीत. रंग जातो तो क्लोराइड आयन थोड्या फेरिक आयनांना स्वतःशी बांधून घेतात म्हणून, आणि द्रावणातले आयन वाढल्याने स्थिरांकाची प्रत्यक्ष किंमतही थोडी सरकते म्हणून. पोटॅशियम थायोसायनेट किंवा फेरिक मीठ वाढवलं की रंग गडद होतो, तिथे मात्र ल शातेलिएचं तत्त्व (केलेला बदल कमी होईल त्या दिशेने समतोल सरकतो) सरळ लागू.

दुसरं, एस्टरचं जलविघटन. बीएस्सीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतं, पण हुशार बारावीवाल्यांना समजेल. ५ मिली इथाइल ॲसिटेट १०० मिली ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, हलवून पूर्ण विरघळवायचं. ठरावीक वेळाने ५ मिली काढून बर्फाच्या पाण्यात, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन, फिनॉल्फ्थॅलिन. शून्य वेळेला सुमारे २४ मिली, शेवटी ४७ मिलीच्या आसपास. ५० मिलीची ब्युरेट जेमतेम पुरते, सोडियम हायड्रॉक्साइड ०.०५ केलं तर मध्येच भरावी लागेल. गुलाबी रंग आला की थांबा. तो थोड्या वेळाने जातो, कारण उरलेलं एस्टर अल्कलीत विघटित होत राहतं. पुन्हा थेंब टाकत बसलात की रीडिंग फुगलं.

अनंत वेळेचं रीडिंग घाईने गरम करून घेऊ नका, एस्टर उडून जातं. बूच लावून किमान दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. आणि इथेच वेग आणि समतोल एकमेकांत घुसतात: ॲसिटिक ॲसिड आणि इथेनॉलपासून एस्टर बनण्याचा स्थिरांक सुमारे ४, म्हणजे विघटनाचा ०.२५. पाणी सुमारे ५२ मोलर, एस्टर ०.४९ मोलर. सोडवलं की साधारण ९६.५ टक्क्यांवर अभिक्रिया थांबते. म्हणजे 'अनंत' रीडिंग हे पूर्ण विघटनाचं नाही, समतोलाचं आहे, आणि त्यावरून काढलेल्या के मध्ये उलट्या अभिक्रियेचा छोटा वाटा मिसळलेला असतो. पाणी इतकं जास्त नसतं तर छद्म-पहिली ऑर्डर (पाणी जवळपास स्थिर म्हणून पहिलीसारखी दिसणारी) आणि पूर्ण विघटन, दोन्ही गृहीतकं एकदमच पडली असती.

---

कट्ट्यावरचा

पुण्याच्या हवेत समतोल बदलतो का? 😀

---

पाषाणरोड

बदलतो, थोडासा. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड ⇌ २ नायट्रोजन डायऑक्साइड, २९८ केल्व्हिनला केपी ०.१४ ॲटमॉस्फिअर धरा. विघटनाचा अंश = वर्गमूळ [केपी / (४पी + केपी)].

समुद्रसपाटीला पी = १: वर्गमूळ (०.१४/४.१४) = ०.१८४.
पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर, दाब अंदाजे ०.९४ ॲटमॉस्फिअर: वर्गमूळ (०.१४/३.९०) = ०.१८९.

केपी तोच. तापमान बदलल्याशिवाय तो हलत नाही. दाब कमी म्हणून जास्त मोलच्या बाजूला किंचित सरकलं, बस. हे पिस्टनच्या, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब लागणाऱ्या भांड्याबद्दल. बंद काचेच्या बल्बला पुणे काय आणि मुंबई काय.

---

बारावी_ब

यावरूनच विचारतो. समतोलात आर्गॉन सोडला तर काय होतं? एका पुस्तकात 'काहीच नाही', दुसऱ्यात 'पुढे सरकतो'. आणि उत्प्रेरक टाकला तर?

---

मोल_भाव

उत्प्रेरक: दोन्ही दिशांचे वेगस्थिरांक एकाच पटीने वाढतात, गुणोत्तर तेच. समतोल लवकर येतो, वेगळ्या जागी येत नाही. अमोनियाच्या कारखान्यात लोहाचा उत्प्रेरक असतो तो ४०० ते ५०० सेल्सिअसला वेग परवडावा म्हणून. इतक्या तापमानाला केपी घसरलेलाच असतो, ती भरपाई १०० ते २५० बार दाब आणि तयार अमोनिया सतत थंड करून काढून घेण्यावर होते. कमी तापमानाला समतोल चांगला पण वेग नाही, जास्त तापमानाला उलट. निम्म्या थिअरीच्या प्रश्नांचं उत्तर याच ओढाताणीत आहे.

आर्गॉन: आकारमान स्थिर की दाब स्थिर, हे न सांगता उत्तर देताच येत नाही. तुझी दोन्ही पुस्तकं बरोबर, दोन्ही अर्धवट.

पीसीएल५ ⇌ पीसीएल३ + सीएल२, केपी = १ बार घे. १ मोल पीसीएल५, एकूण दाब १ बार: अंश^२ / (१ − अंश^२) = १, अंश = ०.७०७.

आकारमान स्थिर ठेवून आर्गॉन: एकूण दाब वाढला, पण तिन्ही वायूंचे आंशिक दाब तेच. अंश ०.७०७ च.

एकूण दाब १ बारवरच ठेवून १ मोल आर्गॉन: एकूण मोल आता २ + अंश. पुढचं तू कर.

---

बारावी_ब

अंश^२ / [(१ − अंश)(२ + अंश)] = १
२ अंश^२ + अंश − २ = ०
अंश = (−१ + वर्गमूळ १७)/४ = ०.७८१. दुसरं मूळ उणे आहे म्हणून सोडलं.

---

मोल_भाव

बरोबर. आता पडताळा दे, मगच खाली दोन रेघा ओढायच्या.

---

बारावी_ब

एकूण मोल २.७८१. पीसीएल३ आणि सीएल२ चा आंशिक दाब प्रत्येकी ०.७८१/२.७८१ = ०.२८१ बार. पीसीएल५ चा ०.२१९/२.७८१ = ०.०७८८ बार. केपी = ०.२८१^२ / ०.०७८८ = १.००.

---

ब्युरेटताई

छान. फक्त उत्तरापुढे बार लिहायचं राहिलं.